बाईंचं डोंगल

‘चालणार नाही’ असं कुणी म्हटलं की आमच्या मुख्याध्यापक बाई खुर्ची पुढे ओढून बसायच्या. एरवी अगदी पुस्तकी बोलणाऱ्या, पण चिडल्या की थेट माहेरच्या भाषेत यायच्या. “न्हाई कसं? चालवून बघितलं का कुनी?”

घोडेगावाहून वर, भीमाशंकरच्या अंगाला आमची दोनशिक्षकी शाळा, बाई आणि मी. शाळेला सरकारी लॅपटॉप मिळाला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स. बाईंनी मंचरहून इंटरनेटसाठी डोंगल आणलं, ते चालेना. परत दुकानात गेलो तर दुकानदार म्हणतो, “मॅडम, विंडोज टाका. लिनक्सवर नाय चालत.” विकताना याची जीभ काय गहाण पडली होती? डोंगलच्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला, तर पलीकडचा विचारतो, “लिनक्स कोणत्या कंपनीचा लॅपटॉप आहे?”

इकडे पुढच्या शाळेसाठी सात मुलींचे वसतिगृहाचे अर्ज अडकलेले. अर्ज फक्त ऑनलाइन, मुदत शनिवारपर्यंत. तो चुकला की पोरींची शाळा संपली, पुढे भाताची खाचरं. घोडेगावच्या अर्ज भरायच्या केंद्रावरून, सर्व्हर बंद म्हणून, आम्ही दोनदा हात हलवत परतलो होतो. “सोडा बाई,” मी म्हणालो. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

दोन दिवस वहीत टिपणं काढत बाईंनी खोड शोधली. डोंगल लावलं की ते आधी आपण सीडी असल्याचं सांगायचं. ती सीडी ‘इजेक्ट’ केली की मगच आतला मोडेम जागा व्हायचा. “सोंग करतंय मेलं! आदी सोंग उतरवा, मंग बोलंल.” मग त्यांनी कंपनीचं एपीएन, म्हणजे तिच्या नेटवर्कचं नाव, भरलं, डायल करायचा नंबर घातला. रेंज फक्त टेकाडावरच्या खळ्यात, म्हणून शनिवारी भर उन्हात तिथे दप्तरावर लॅपटॉप ठेवून एकेक अर्ज भरला. सातवा गेला आणि बॅटरी संपली.

पंधरा दिवसांत वरून चौकशी आली. सरकारी यंत्राच्या सेटिंगमध्ये विनापरवाना फेरफार! ज्यांना कधी डोंगलचं टोपण उघडता आलं नाही, ते साहेब बाईंना जाब विचारत होते. बाईंची बदली जुन्नर तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली.

‘बाईंनी माझ्यासमोर सेटिंग बदलले’ या चौकशीतल्या जबाबाखाली सही माझी आहे. निघताना बाई म्हणाल्या, “खरं तेच लिवलंय की सर तुमी.” खरंच होतं ते. पण त्यामुळे सात मुली वसतिगृहात गेल्या, एवढी एक ओळ खाली लिहायला मला कुणी अडवलं होतं? पेन माझ्याच हातात होतं.