विमलाबाईंची विसावी नायिका

विमलाबाईंनी पुणं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या वाचकांना हे शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं, कारण एकोणीस कादंबऱ्यांच्या एकोणीस नायिका पुण्यात राहत, पुण्यात प्रेमात पडत आणि पुण्यातच बोहल्यावर चढत. लेखिका मात्र बेंगळूरच्या चामराजपेटेत, स्वयंपाकघरालगतच्या चिंचोळ्या खोलीत, शिवणाच्या मशीनवर फळी टाकून लिहायला बसे. सकाळचा स्वयंपाक उरकला की दुपारी धुणं वाळेपर्यंतचा वेळ त्यांचा. तेवढ्या वेळात रोज चार पानं. पाहुणे येवोत, ताप येवो, चार म्हणजे चार.

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे उतरलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलत, तेही कन्नडची भरपूर फोडणी दिलेलं. पण शाळा कन्नड, पेपर कन्नड, पोथीसुद्धा कन्नड लिपीतली. विमलाबाई लहानपणी सहा वर्षं आत्याकडे बेळगावला राहिल्या, तिथल्या मराठी शाळेत शिकल्या, म्हणून तेवढ्या एकट्यांना देवनागरी सफाईने येई. गंमत अशी की त्यांची पुस्तकं महाराष्ट्रातल्या वाचनालयांत हातोहात फिरत आणि त्यांच्या स्वतःच्या घरात ती कुणालाही वाचता येत नसत. त्यांचे यजमान गुंडोराव पुस्तक आलं की मागच्या बाजूचा फोटो पाहून "छान आलाय" म्हणत. बायकोच्या लेखनाचं इतकं निरुपद्रवी कौतुक फार थोड्या लेखिकांच्या नशिबी असेल.

खरं कौतुक अक्काला. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण तानूबाई, बारा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नव्हतं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये उभी हयात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर धाकटीकडे राहायला आली. नवं पुस्तक आलं की अक्का त्याला प्लास्टिकचं कव्हर घाली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवी. कधीमधी विचारी, "आत काय लिहिलीस ग?"

"काही नाही ग अक्का. पुण्याच्या बायकांना दुपारी झोप येत नाही, त्यांच्यासाठी असतं."

ही शुद्ध थाप होती. आत अक्काच होती. एकोणिसाच्या एकोणीस पुस्तकांत.

विमलाबाई अकरा वर्षांच्या होत्या, सुट्टीला घरी आल्या होत्या, तेव्हाची एक संध्याकाळ. एक्सचेंजमधला दामोदर नावाचा मेकॅनिक घरी आला आणि पुढच्या खोलीत आप्पाजींसमोर बसला. आप्पाजी म्हणजे दोघींचे वडील. अक्काही आत होती. धाकटीला बाहेर पिटाळलं, तेव्हा ती खिडकीखाली जाऊन उभी राहिली. आवाज ऐकू येत होते, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळाने दामोदर मान खाली घालून निघून गेला, अक्का मागच्या दारी जाऊन रडली आणि आप्पाजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीला आणखी काय पुरावा पाहिजे? बापाने नकार दिला, बहिणीचं आयुष्य करपलं. तेव्हापासून अक्का रात्रपाळीला निघाली की आप्पाजी तिला सोडायला जात. विमलाबाईंनी तेही वाया घालवलं नाही. सातव्या कादंबरीत मुलीवर पहारा ठेवणारा बाप आहे, तो हाच.

एका संध्याकाळच्या जोरावर एकोणीस कादंबऱ्या म्हणजे काटकसरीची कमालच. कधी बाप आडवा येई, कधी मामा, कधी मोठा भाऊ. पण शेवटच्या प्रकरणात सनई हटकून वाजे. प्रकाशकाला तसाच शेवट लागायचा, आणि विमलाबाईंनाही तोच हवा असायचा. अक्काला जे मिळालं नाही ते निदान कागदावर तिच्या पदरात पडावं, असं त्यांना मनापासून वाटे. शेवटचं पान लिहिताना दरवेळी त्यांचे डोळे भरून येत.

हे सगळं बिनबोभाट चाललं होतं, तोच शहाण्णव साली मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला उल्का भेटली. पुण्याची मुलगी, नवरा कंप्युटरच्या कंपनीत, नुकतीच राजाजीनगरात राहायला आलेली. विमलाबाईंचं नाव ऐकून ती उडालीच. "काकू, म्हणजे त्या तुम्ही? मम्मी लायब्ररीतून आणायची तुमची पुस्तकं, आय लव्ह्ड देम! फक्त एक सांगू? तुमची नायिका लक्ष्मी रोडवर तळ्याकाठी बसते. तिथे तळं कुठंय? साड्यांची दुकानं आहेत हो!"

बायका हसल्या, विमलाबाईही हसल्या. पण घरी येईस्तोवर ते तळं डोक्यातून जाईना. आपण आयुष्यभर न पाहिलेल्या गावाविषयी, आपल्या घरात कुणी बोलत नाही तसल्या मराठीत लिहिलं. का? तर मराठी कादंबरी तशीच असते म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कोरी वही काढली आणि पहिलंच वाक्य लिहिलं ते चामराजपेटेतल्या घराचं. नायिका टेलिफोन एक्सचेंजमध्ये कामाला होती, सकाळी काफी पीत होती आणि मोठ्या भावाला अण्णा म्हणत होती. चार पानांचा नेम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. अकरा झाली.

पाच महिन्यांत पुस्तक पुरं झालं. प्रकाशकांचं उत्तर आठ दिवसांत आलं. वाचनालयं ओस पडताहेत, बायका मालिका बघताहेत, अशा वेळी ही भाषा चालायची नाही. नायिका पुण्याची करा. काफीचा चहा करा, अण्णाचा दादा करा. 'सरी'चं 'बरं' करा, 'स्वल्प'चं 'जरा' करा. लग्न आहे ते ठीक आहे.

विमलाबाईंनी पोस्टकार्ड घेतलं आणि एकच ओळ लिहिली: हस्तलिखित परत पाठवावे. गुंडोराव म्हणाले, "अग, स्वल्प विचार कर की. वीस वर्षांचा संबंध आहे."

"विचार करूनच लिहिलंय. पेटीत टाकून या."

हस्तलिखित परत आलं, तेव्हा त्यातलं पहिलं प्रकरण त्यांनी मंडळात वाचून दाखवलं. आजवर त्यांची पुस्तकं म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू होती. त्या दिवशी बायका मांडी ठोकून हसल्या, मध्येच "होय की, असंच!" म्हणाल्या, आणि एक म्हातारी पदर डोळ्याला लावून बसली. वाचन संपल्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं: आम्हाला दे. पण देऊन उपयोग काय, देवनागरी येतेय कुणाला? "आमचं अक्षर कन्नड की ग," म्हातारी म्हणाली.

मग कन्नडात छापू, विमलाबाई म्हणाल्या. भाषा मराठी, लिपी कन्नड. बोलून गेल्या आणि मग लक्षात आलं, यात अशक्य काहीच नाही.

चामराजपेटेत छापखान्यांना तोटा नाही. कोपऱ्यावरच्या हयवदनरावांच्या छापखान्यात लग्नपत्रिका आणि हस्तपत्रकं निघत. त्यांनी नमुन्याचं पान मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि पोट धरून हसले. "अम्मा, अक्षरं आमची, बोलणं तुमचं! तोंड वाचतंय, डोक्याला कळत नाही." पण छापायला तयार झाले. फक्त सोमवारी सगळ्या वह्या हातात पडायला हव्यात. त्यानंतर लग्नपत्रिकांचा हंगाम, मग तीन महिने विचारू नका.

विमलाबाई सगळं कन्नड लिपीत उतरवून काढायला बसल्या. सातव्या प्रकरणात दामोदर पुढच्या खोलीत येऊन बसला आणि त्यांचा हात थांबला. हे अक्का वाचणार.

इतका साधा मुद्दा इतके दिवस डोक्यात आला नव्हता. अक्का रोज सकाळी कन्नड पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. एकोणीस वेळा तिचं दुःख बाजारात मांडलं, ते ती वाचू शकत नव्हती या भरवशावर. आता तिच्याच अक्षरांत, तिच्याच गल्लीत, तिच्याच बोलण्यात ते छापायचं होतं. एक्सचेंजचं पोस्ट ऑफिस करावं का? दामोदरचं नाव आधीच बदललं होतं. एका नायिकेच्या दोन कराव्यात? विमलाबाईंनी सगळं करून पाहिलं आणि सगळं खोडलं. तळ्यासारखं होत होतं ते. मग पुस्तकच राहू द्यावं? छे. आयुष्यात एकच खरं पुस्तक हातून झालं होतं, ते त्या सोडणार नव्हत्या. आणि अक्काला फसवून छापणारही नव्हत्या. गुरुवारी उतरवून झालं तसं त्यांनी पाचही वह्या अक्काच्या पुढ्यात ठेवल्या.

"वाच. नको म्हणालीस तर छापणार नाही."

असं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नको असताना डबे घासत बसल्या. नको म्हणाली तर? आपण शब्द तर देऊन बसलो.

अक्काने तीन दिवस घेतले. पेपर बाजूला राहिला. जेवताना ती बोलेना. शुक्रवारी एकदा तिच्या खोलीतून हसू ऐकू आलं, तेव्हा विमलाबाईंच्या जिवात जीव आला. शनिवारी दिवसभर काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा तो पुन्हा गेला.

रविवारी सकाळी अक्काने हाक मारली. "विमले, इकडे ये. बस." वह्या तिच्या मांडीवर होत्या. "आप्पाजींना कशाला बदनाम केलीस?"

विमलाबाईंना कळेना.

"आप्पाजी होय म्हणाले होते. खुशीने. दामोदर म्हणाला, लग्न झालं की नोकरी सोडायला पाहिजे, आमच्या घरात बायका रात्रपाळी करत नाहीत. आप्पाजी माझ्याकडे बघितले. मी म्हटलं, मग मला जमत नाही. मी म्हटलं, विमले. आप्पाजी नाही."

"मग रडलीस कशाला?"

"आवडत होता म्हणून! नाही म्हटलं की आवडायचं थांबतंय का?"

"आणि आप्पाजी दोन दिवस बोलले नाहीत ते?"

"माझ्यावरच रागावले होते. तिसऱ्या दिवशी माझी रात्रपाळी होती. चप्पल घालून दारात उभे. म्हणाले, नोकरीसाठी एवढं सोडलीस, तर ती सुखाने कर, मी सोडायला येतो. मग बारा वर्षं आले. पाऊस असो काही असो, एक्सचेंजच्या फाटकापर्यंत. आणि तू काय लिहिलीस? पहारा!"

विमलाबाईंना रडू आवरेना. आप्पाजी जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांची क्षमा मागायलाही जागा उरली नव्हती.

"असलंच आहे काय ग त्या सगळ्या पुस्तकांत?" अक्काने विचारलं. विमलाबाईंनी होकारार्थी मान हलवली. "आणि शेवटी लग्न?" पुन्हा मान हलवली. "एकोणीसदा?"

"एकोणीसदा."

"एकोणीसदा माझं लग्न लावलीस," अक्का म्हणाली, "आणि एकदाही मला विचारलं नाहीस."

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. विमलाबाईंनी डोळे पुसले. सोमवार उद्यावर आला होता. त्यांनी वह्या उचलल्या, सातव्या प्रकरणापासून पुढची पानं काढून बाजूला ठेवली आणि पेन उघडलं.

"आता विचारते. सांग. तो आला, बसला. मग?"

"आता? स्वयंपाक?"

"ते बघतील." गुंडोरावांनी पुढच्या खोलीतून चमकून पाहिलं आणि निमूटपणे उठले.

अक्का सांगत गेली, विमलाबाई लिहीत गेल्या. पुढच्या प्रकरणांतली गल्ली, एक्सचेंज, मैत्रिणी, सगळं होतं तसंच राहिलं. बाप बदलला, आणि शेवट. मध्येच अक्का म्हणे, असं नाही, मी उभी होते. त्या खोडून पुन्हा लिहीत. दोनदा त्यांना सवयीने सनई वाजवायचा मोह झाला, दोन्हीदा त्यांनी विचारलं आणि दोन्हीदा अक्का नको म्हणाली. शेवटच्या पानावर नायिका कामावर निघाली, बरोबर तिचा बाप होता, आणि दोघं कशाविषयी तरी भांडत चालली होती. संध्याकाळपर्यंत हाताला पेनाचा वळ उठला, पण पुरं झालं.

अक्काने चष्मा चढवला आणि नवी पानं पहिल्यापासून वाचली. ओठ हलत होते. विमलाबाई समोर बसून राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांचं पुस्तक कुणी त्यांच्यासमोर वाचलं नव्हतं.

"आप्पाजी बरोबर आलेत," अक्का म्हणाली. मग तिने पहिलं पान पुन्हा काढलं आणि त्यावर बोट ठेवलं. "ही मनस्विनी कोण?"

"तूच की, अक्का. नाव बदललं. लोक ओळखतील म्हणून."

"असलं नाव आपल्या गल्लीत कुणाचं होतं? खोड ते." तिने पेन विमलाबाईंच्या हातात दिलं. "तानू लिही. सगळीकडे. मी नाही म्हटलं, ते माझ्याच नावावर छाप."