बत्तीस वजा सात

काल रविवार. दुपारी चार वाजता फेसबुकवर शिक्षकांचं लाइव्ह घेतलं, वारज्याच्या घरूनच. पाच वाजता संपलं.

एवढंच लिहून थांबणार होतो… पण मग आभार राहून गेले असते.

हे लाइव्ह माझी पत्नी सुनीता घ्यायची. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि दर रविवारी ग्रुपवरच्या शिक्षकांशी बोलायची. मी कारखान्यात स्टोअर्सला होतो. फोन स्टँडला लावायचा आणि तासभर कुकर लावायचा नाही, एवढंच माझं काम.

तिला जाऊन तीन महिने झाले. तिच्या शेवटच्या लाइव्हमध्ये रेश्मा नावाच्या नव्या शिक्षिकेने विचारलं होतं, दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी समजत नाही, काय करू? वेळ संपत आली होती. "पुढच्या रविवारी काड्या घेऊन दाखवते," असं सुनीताने सांगितलं. पण त्याच आठवड्यात तब्येत बिघडली…

काड्या मात्र तिने तयार केल्या होत्या. पलंगावर बसून, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, लाल लोकरीने बांधून एका डब्यात ठेवलेले. तो डबा मी उघडला नव्हता.

गेल्या आठवड्यात वैशालीचा फोन आला. ती विश्रांतवाडीला राहते, सुनीताच्या शाळेत शिकवते.

"काका, रेश्माने परत विचारलंय. बाईंनी कबूल केलं होतं. तुम्ही बसता का?"

"अगं, मला कुठे शिकवता येतं?"

"मग शिकायला बसा. शिकवायला आम्ही आहोत ना."

मी बसायचं कबूल केलं.

काल वैशाली तिच्या घरून जोडली गेली आणि कमेंट वाचून दाखवू लागली. पहिलीच कमेंट सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त बाईंची. "पंखा छान आहे. आजचा विषय तोच आहे का?" फोन वरच्या बाजूला वळला होता. मी तो खाली केला.

गणित होतं बत्तीस वजा सात. डबा उघडून तीन गठ्ठे मांडले, शेजारी दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत. "मुलं इथेच अडतात," रेश्माने लिहिलं.

मीही तिथेच अडलो… एक गठ्ठा सोडायला हवा, एवढं कळत होतं. पण गाठ सुनीताच्या हातची होती. सोडली की गेली. हात पुढे होईना.

शेवटी म्हटलं, "गाठ फार घट्ट आहे. कात्री घेऊन येतो." खरं म्हणजे मला तिथून उठायचं होतं.

"काका, कात्री नको," वैशाली म्हणाली. "लोंबतंय ते टोक ओढा. बाई सुरगाठच मारायच्या. मुलांच्या बोटांना सुटली पाहिजे म्हणून."

टोक ओढलं. गाठ लगेच सुटली.

सुट्या काड्या बारा झाल्या. सात बाजूला केल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे आणि पाच काड्या… पंचवीस.

"आलं लक्षात. गाठ मुलांनाच सोडायला देते," रेश्माचं उत्तर आलं. पेठेतल्या बाईंनी लिहिलं, "उत्तर बरोबर. पंख्याचे मार्क नाहीत." तीन महिन्यांत पहिल्यांदा मला हसू आलं.

मग बाकीचे बोलते झाले. कोणी चिंचोके वापरतं, कोणी बाटल्यांची झाकणं. एकीने वर्गातल्या मुलांनाच दहा-दहाचे गट करून उभं केलं होतं. मी नुसता ऐकत राहिलो. सुनीता दर रविवारी इतकी खुशीत का असायची, ते थोडं समजलं.

माझ्याच घरातल्या डब्यातली गाठ कशी सुटते, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. वैशाली, रेश्मा, पेठेतल्या बाई आणि काल आलेले सगळे… तुमचे मनापासून आभार.

फोन बंद केल्यावर दहा काड्या मोजून घेतल्या. त्यांना लाल लोकर गुंडाळली. सुरगाठ दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. टोक जरा लांब ठेवलं, आणि डबा कपाटात न ठेवता टेबलावरच राहू दिला.