शिऱ्याची परीक्षा

कॅनडात एडमंटनच्या एका हॉस्पिटलात, मानसिक आजारातून बऱ्या होणाऱ्या तरुण मुलामुलींना घरी जाण्यासाठी तयार करणं हे माझं काम. जेवण करता येतं का, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का, बस चुकली तर न रडता दुसरी पकडता येते का, हे बघून मी फॉर्मवर खुणा करते. उणे तीस डिग्रीच्या थंडीत बस चुकली तर मी स्वतः नापास होईन, पण मला कोण विचारतंय!

त्या जानेवारीत आमच्याकडे सांगलीची एक एकोणीस वर्षांची मुलगी होती. कॉलेज करून कॉफी शॉपमध्ये काम करायची. मॅनेजरने जादा शिफ्ट विचारली की ही ‘हो’ म्हणायची. आधी झोप गेली, मग जेवण, आणि शेवटी तिला भिंतीतून आवाज ऐकू यायला लागले. आता औषधं लागू पडली होती आणि शुक्रवारी तिला तिच्या बेसमेंटमधल्या खोलीवर परत जायचं होतं. डॉक्टरांची एकच अट होती. तिला ‘नाही’ म्हणता येतंय हे दिसलं पाहिजे, नाहीतर मुक्काम वाढणार.

ती मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणत होती. मी ते आजाराचं लक्षण धरलं नाही, हा माझा मोठेपणा.

सोमवारी सरावासाठी मी तिची मॅनेजर झाले आणि इंग्रजीत विचारलं, “आज रात्री थांबून शॉप क्लोज करशील का? स्टाफ शॉर्ट आहे.”

“शुअर!” ती म्हणाली. सहा वेळा विचारलं, सहा वेळा शुअर. शेवटी तर वर थँक यूसुद्धा म्हणाली.

मंगळवारी मला वाटलं, हिचं घोडं इंग्रजीत अडतंय. वॉर्डच्या किचनमध्ये मी तिच्याकडून शिरा करून घेतला. रवा तिने छान भाजला. मी मध्येच दोनदा तिच्या हातून उलथनं काढून घेतलं, ते सोडा. वाढायला मात्र मीच घेतलं.

“घे अजून.”

“नको, काकू.”

मी वाढला.

“खरंच नको.”

“अगं, एवढासा तर आहे!”

“नको ना, पोट भरलं.”

मी आणखी एक डाव घातला. तिने मान खाली घालून तो संपवला.

कोपऱ्यात आमची नर्स नोंदी करत बसली होती. ‘नको’ म्हणजे काय, हे तिने आधीच विचारून ठेवलं होतं. ती म्हणाली, “तिने तीनदा नाही म्हटलं. तू ऐकलं नाहीस.”

मी तिला ऐटीत समजावलं, की आमच्यात पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं आणि तिसरं खरं.

“तिसरंही तू ऐकलं नाहीस,” नर्स म्हणाली.

मला तिचा भयंकर राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. मुलगी ‘नाही’ म्हणत होती. त्या ‘नाही’ला किंमत नसते, हे मीच तिला पुन्हा शिकवलं होतं. घरी जाईपर्यंत मला स्वतःची लाज वाटत राहिली.

गुरुवारी पुन्हा शिरा झाला. या वेळी डॉक्टरही आले. पोटभर आग्रह कर, असं त्यांनी मला सांगितलं. हे मला सांगावं लागतं?

पहिला डाव खाऊन ती म्हणाली, “नको.”

“अगं, तूपही फार नाहीये,” म्हणत मी डाव पुढे केला. तिने ताटलीवर हात आडवा धरला. माझा डाव सवयीने दुसऱ्या बाजूने शिरायला बघत होता.

“नको म्हटलं ना, काकू. डाव खाली ठेवा.”

तिचा आवाज थरथरला, पण हात हलला नाही. मी डाव खाली ठेवला. ती आता सॉरी म्हणणार असं मला वाटलं, पण ती म्हणाली नाही. डॉक्टरांनी सही केली आणि उरलेला शिरा संपवला.

शुक्रवारी ती जाडजूड पार्का कोट घालून, बॅग घेऊन लिफ्टपाशी उभी होती. मी पहाटे उठून केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केला.

“नको, काकू.”

‘घे गं’ अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि डबा पिशवीत परत ठेवला. मला फार जड गेलं, आणि आनंदही फार झाला.

लिफ्टचं दार मिटायला लागलं तसं तिने हात घालून ते अडवलं.

“काकू, एक द्या. एकच.”

मी एकच दिला.