साधूचं बटण मामाजींकडे

लकवा मारल्यानंतर माझे सासरे पहिलं पूर्ण वाक्य बोलले, ते माझ्या मोबाइलमधल्या एका राणीबद्दल होतं.

दवाखान्यातून त्यांना मुर्री गावातल्या घरी आणलं तेव्हा धानाची कापणी सुरू झाली होती. नवरा आणि सासूबाई दिवसभर शेतात. घराच्या पुढच्या सपरीत खाटेवर मामाजी, आणि त्यांच्याजवळ मी. आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाजी म्हणते. त्यांचा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. जीभ जड झाली होती. शब्द वाकडा निघाला की ते स्वतःवरच चिडायचे आणि तोंड मिटून घ्यायचे. कोणी भेटायला आलं तर डोळे बंद करून झोपेचं सोंग घ्यायचे. बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शेतातली माणसं वळून बघतील असा त्यांचा आवाज होता. तो आता या अवस्थेत कुणाच्या कानावर पडू नये, म्हणून ते गप्प राहत होते.

त्या शांततेत मी आवाज बंद करून गेम खेळायचे. कॉलेजपासूनची सवय. ऑनलाइन लढाईचा खेळ, आपला किल्ला बांधायचा आणि दुसऱ्यांच्या किल्ल्यांवर चढाई करायची. माझ्या क्लॅनमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटात, बरेचसे गोंदिया शहरातले आणि आसपासचे लोक होते. क्लॅनचा लीडर तिथेच मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. मला दीदी म्हणायचा, पण आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी मी चढाईला सुरुवात केली आणि नेहमीप्रमाणे धनुष्यवाली राणी आधी सोडली. ती भिंतीच्या कडेकडेने चालत भलतीकडेच निघाली. मागून आवाज आला, जड पण स्पष्ट.

"तिले एकटी काऊन धाडून राहिलीस? मरते ना ते."

मी दचकून मोबाइल उलटा केला. सून खेळताना सापडली, याची मला लाज वाटली. त्यांनी मात्र डाव्या हाताने खूण केली, की दाखव. मी मोबाइल सरळ केला तेव्हा राणी खरंच मेली होती.

मग त्यांना समजावून सांगायला लागले आणि सांगता सांगता माझ्याही डोक्यात काही गोष्टी नीट बसल्या. साधे सैनिक ढिगाने असतात. मेले तर परत तयार होतात. हीरो मात्र एकेकच, राजा, राणी आणि साधू. ते पडले की बरे होईपर्यंत झोपून राहतात. प्रत्येकाजवळ एक शक्ती असते, एका लढाईत एकदाच वापरता येते. राजाची शक्ती दाबली की तो चवताळतो, राणीची दाबली की ती क्षणभर दिसेनाशी होते. साधूची दाबली तर त्याच्या आजूबाजूच्या कुणालाच काही क्षण जखम होत नाही. मी घाबरून या शक्ती फार लवकर वापरून टाकायचे. मामाजी विचारायचे, आत्ताच कायले? मग पुढच्या वेळी मी थांबायचे. आधी दोन्ही बाजूंची घरं सैनिकांकडून पाडून घ्यायची, म्हणजे हीरो कडेला भरकटत नाहीत, सरळ किल्ल्याच्या पोटात शिरतात. राजा पुढे मार खायला, राणी मागे, साधू दोघांच्या मध्ये. हे मी कुणाकडून शिकले नाही, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता शिकले.

व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली होती की बोटं हलवत राहा, कशाच्याही निमित्ताने. मामाजींना चेंडू दाबायला दिला तर ते तो फेकून द्यायचे. मग एक दिवस मी मोबाइल उशीवर टेकवला, त्यांचा उजवा हात उचलून काचेजवळ ठेवला आणि म्हणाले की साधूचं बटण तुमचं. मी 'आता' म्हटलं की दाबायचं.

पहिले कित्येक दिवस बोट नुसतं थरथरायचं. कधी उशिरा पडायचं, कधी भलत्याच बटणावर. एकदा त्यांनी डाव्या हाताने मोबाइल खाटेखाली भिरकावला. सासूबाई शेतातून आल्या आणि काचेवरचा तडा बघून मला म्हणाल्या, "त्यायले कायले त्रास देऊन राहिलीस?" दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजींनीच खुणेने मोबाइल मागितला.

मग ते युद्ध आलं. दोन क्लॅनमधलं, ठरलेल्या वेळेत संपणारं. प्रत्येकाला चढाई मिळते आणि शेवटी कुणाचे तारे जास्त ते बघतात. आमचे सगळे खेळून झाले होते, फक्त माझी चढाई उरली होती. पूर्ण किल्ला पाडला तर आम्ही जिंकणार, थोडाही उरला तर हरणार. संध्याकाळी दिवेलागणीला वेळ संपत होता. सकाळपासून लीडरचे संदेश सुरू होते. राणी पहले मत डालना दीदी, साधू की पॉवर बीच में, बड़ी तोप के टाइम पे. मी प्रत्येक संदेश दोनदा वाचत होते.

मामाजींना म्हणाले, "आज मी एकटीच खेळते. आज सगळ्यांचं आहे."

त्यांनी हात मागे घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. दुपारचं जेवण ताटात तसंच राहिलं. मी भात परत आत नेला. स्वतःला समजावत होते की हे बरोबरच आहे, अनोळखी का होईना, एवढी माणसं वाट बघत आहेत, त्यांच्या खेळाशी मी प्रयोग कसा करणार. पण सपरीत परत आले तर भिंतीकडे वळलेल्या त्या माणसाचा उजवा हात पाठीमागे खाटेच्या दोरीवर होता. एक बोट दोरीवर टेकत होतं, उचलत होतं, परत टेकत होतं.

उन्हं कलली तेव्हा सासूबाई खळ्यावरून आल्या. केसांत धानाची तणस अडकलेली. काय चाललंय हे न विचारता त्या उंबऱ्यावर बसल्या. मी मोबाइल उशीवर टेकवला.

"मामाजी, साधू तुमचा."

ते वळले.

"दया करून राहिलीस?"

"नाही. राणी आणि राजा दोघांना मला सांभाळावं लागतं. साधूला दुसरा हात लागतोच."

हे खोटं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. मी तो काचेजवळ ठेवला आणि चढाई सुरू केली.

आधी डावी बाजू साफ केली, मग उजवी. घाई करायची नाही, असं मनात म्हणत होते, पण घड्याळ पळत होतं. राजा सोडला. तो भिंत फोडून आत शिरला. त्याच्यामागे साधू, मग राणी. तिघं अगदी हव्या त्या वाटेने मधोमध निघाले. किल्ल्याच्या मध्यभागी मोठी तोफ होती, ती थांबून थांबून गोळे टाकते. पहिल्या गोळ्यांनी राजाची अर्धी ताकद गेली. मी त्याची शक्ती वापरली. गोळ्यांची दुसरी फेरी येणार होती.

"आता," मी म्हणाले.

बोट काचेच्या वर थरथरत होतं. खाली आलं नाही.

"मामाजी, आता."

राजा पडला. राणीची पट्टी लाल झाली. माझा अंगठा साधूच्या बटणाला जवळजवळ लागला होता. नुसता टेकवायचा होता. मी टेकवला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांच्या कपाळावरची शीर फुगलेली दिसत होती, आणि सासूबाई उंबऱ्यावरून उठून उभ्या राहिल्या होत्या.

बोट खाली आलं. साधूभोवती सोनेरी कडं उमटलं, गोळे पडले आणि राणीला काही झालं नाही. ती तोफेपर्यंत पोहोचली, तोफ पाडली. मी तिची शक्ती वापरली. मग एकेक घर पाडत ती कोपऱ्याकडे निघाली. पण पुढे चालणारा राजा नव्हता, प्रत्येक बाण तिलाच लागत होता. शेवटच्या कोपऱ्यात एक कोठार उरलं होतं. ती त्याच्या अलीकडे पडली. साधू एकटाच हळूहळू कोठारावर मारा करत राहिला आणि वेळ संपली.

आम्ही हरलो.

थोड्या वेळाने क्लॅनमध्ये लीडरचा आवाजी संदेश आला. मी विचार न करता तो लावला. तो रागावला नव्हता, थकलेला वाटत होता. म्हणाला, सब सही था दीदी, बस साधू की पॉवर लेट हो गई, आपसे ऐसी गलती होती नहीं.

नेटवर्क अडकलं होतं, असं मी लिहायला घेतलं. तेवढ्यात मामाजींनी माझं मनगट धरलं. उजव्या हाताने. पकड सैल होती, पण धरलं होतं.

"त्याले सांग. मी दाबलो."

"राहू द्या मामाजी. खेळ आहे."

"मी सांगतो. लाव."

मी संदेशाचं बटण दाबून मोबाइल त्यांच्या तोंडाजवळ धरला. आधी नुसता श्वास रेकॉर्ड होत होता. मग बोलले, एकेक शब्द ओढून काढल्यासारखे.

"सासरा बोलतो हिचा. तिची चूक नाही. मी दाबलो. हात... ऐकत नाही माहा."

'माहा' म्हणताना जीभ अडकली, तो शब्द अर्धवटच निघाला. त्यांनी परत म्हटला. मग मान हलवली आणि मी बोट उचललं. संदेश गेला. दवाखान्यातून आल्यापासून घराबाहेरच्या कुणाशी ते पहिल्यांदाच बोलले होते, तेही ज्यांना कधी पाहिलं नाही अशा माणसांशी, एकदम सगळ्यांसमोर.

उत्तर यायला वेळ लागला. तेवढा वेळ मला धीर धरवेना. वाटलं, कुणी हसलं तर. कुणी काही वेडंवाकडं लिहिलं तर मामाजी परत कधी तोंड उघडणार नाहीत. मी मोबाइल त्यांच्यापासून थोडा दूर धरून बसले होते.

मग लीडरचा आवाज आला, या वेळी जरा हळू.

"बाबूजी, अगली बार भी साधू आप ही रखना. हम राजा को थोड़ा पीछे से निकालेंगे."

मामाजींनी तो संदेश पुन्हा लावायला सांगितला. ऐकून म्हणाले की राजाला मागून काढणं बरोबर नाही, मग मार खाणार कोण. हे त्याला कळव, म्हणाले. मी कळवलं. त्यावर क्लॅनमध्ये वाद सुरू झाला आणि अंधार पडेपर्यंत चालला. मामाजी मधूनमधून मला उत्तरं सांगत होते, काही शब्द मला दोनदा विचारावे लागत होते, आणि ते न चिडता परत सांगत होते.

सासूबाई आत चुलीपाशी गेल्या होत्या. मी पाणी घ्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं की हे कोणाशी बोलून राहिले. मी म्हटलं, गोंदियाचे आहेत, मोबाइलवरचे. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"मंग बोलाव ना त्यायले जेवाले," त्या म्हणाल्या.