हंबीरतात्या जागचं हाललं न्हाईत

त्या दिवशी हंबीरतात्या इंटरवलला उठलं ते परत आत आलंच न्हाईत. मनुबाईला वाटलं, बाथरूमला गेलं आसतील. पडद्यावर पुन्यांदा त्यो फुलाफुलाच्या शर्टातला म्हातारा आला, आख्खं थेटर खिदळाय लागलं, तरी शेजारची खुर्ची मोकळीच. मग ती लोकांच्या गुडघ्यांतनं वाट काढत भाईर आली.

तात्या पार्किंगात गाडीला टेकून उभं व्हतं. मिलिटरीतनं रिटायर होऊन जमाना झाला, पण नवऱ्याला टेकून उभं राहिल्यालं तिनं पैल्यांदाच बघितलं.

"आवं, बरं वाटंना का?"

"मने, त्यो म्हातारा मी हाय व्हय गं?"

"कुटला तुमी! चला, पाणी प्या."

शिनेमा शिवतेजनं काढल्याला. तात्याच्या भावाचा पोरगा. पुण्यात काय शिकला द्येवाला ठावं, पण गळ्यात मफलर आली. विश्रामबागेतल्या थेटरात फुकट शो ठेवला आन् मलकापुरातनं भावकी गाड्या भरभरून न्हेली. शिनेमात काय, तर गावाकडचं कुटुंब बँकॉकला जातंय आन् घोळ घालतंय. विमानात ठेच्याचा डबा उघडला की हसा. हाटेलात धोतर अडकलं की हसा. मलकापुरात धोतरवाला माणूस शोधून दाव म्हणावं! मागं घरची सगळी खरंच बँकॉकला गेलती, तवा तात्या इस्त्रीची पँट घालून गेलतं, आन् हाच शिवतेज अर्ध्या चड्डीवर तिकडं हिंडत व्हता. त्ये न्हाई दावलं.

पण त्येचंबी काय न्हाई. तात्या पैल्या अर्ध्या तासात स्वतःच हसलं. ऊस लावणारा माणूस, मस्करीला भीत न्हाई. डोक्यात गेलं त्ये पुढचं. शिनेमात म्हातारी रेल्वेत हरवती आन् म्हातारा तिकडं बायांकडनं मालिश करून घेतोय. बायकू गेली त्येचा पत्ताच न्हाई त्येला. लोकं टाळ्या वाजवत व्हती.

खरं काय झाल्तं? तिकडच्या त्या वरनं जाणाऱ्या रेल्वेत मनुबाई चढली आन् दार मिटलं. तात्या भाईर, ती आत. आता त्यांच्या घरची रीत अशी, की जत्रंत चुकामूक झाली तर हाललं न्हाई पायजे. जितं हाय तितंच उभं ऱ्हायचं, दुसरा हुडकत येतो. मनुबाई पुढच्या टेशनाला उतरली आन् रीतीपरमानं उभी राहिली. तात्याबी रीतीपरमानं आपल्या टेशनावर उभं. दोगंबी एकमेकाची वाट बघत खांबागत उभी! येडंपणाच की. पर हितं मालिश कुटं आली? तिथल्या शिपायानं तात्याला खुर्ची दिली, तर हातानंच न्हाई म्हणालं. शिवतेजनं मागनं इचारलं तवा म्हणालं, "तिकडं ती उभी आसंल, मी कसा बसू?" ह्ये पुढं शिवतेजनंच हसत हसत सगळ्यांला सांगितलं. त्यो आन् त्येची बायकू प्रांजल तवा मॉलात व्हती. शिपायानं लावल्याला फोनबी उचलला न्हाई. शेवटी त्या दोघांनी मनुबाईला हुडकून आणली तवा तात्याचं पाय सुजून बूट निघंना. आन् बोललं काय, "लय येळ लावलास."

मनुबाईनं बाटली दिली. तात्यानं एक घोट घेतला.

"मी जागचा हाललो न्हाई गं."

"मला ठावं हाय की."

"तुला ठावं हाय. त्या आतल्या लोकांस्नी?"

शो सुटला तशी माणसं भाईर आली. एक जण, नात्यातलाच, म्हणतोय कसा, "तात्या, मालिश लय भारी व्हतं म्हणं!" तात्या गाडीत जाऊन बसलं.

गावाकडं परत येताना पेठनाक्याच्या अलीकडं त्यांनी छातीवर हात ठेवला. दवाखान्यात न्हेलं. डॉक्टरनं मान हलवली. संपलं.

तिसऱ्या दिवशी शिवतेज आला. डोळ्यावर काळा चष्मा, दारातच रडला. रडणं खोटं नसंल, पण चष्मा काय काढला न्हाई.

"काकू, शिनेमात जरा वाढवून दावाय लागतं बघा. पब्लिकला त्येच पायजे."

"वाढवलास कुटं रं?" मनुबाई म्हणाली. "माणूस उभा व्हता त्ये काढून टाकलास की."

त्यो च्या पिऊन गेला.

त्येच्या दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. तात्याचा मिलिटरीतला फोटू, भावपूर्ण श्रद्धांजली, आन् खाली शिनेमाचं चित्र: ज्यांच्यावरून सुचला ते आमचे लाडके काका, आजच कुटुंबासह पहा. मेल्या माणसाच्या पायाशी तिकिटं इकाय बसला! भावकीतला एकबी बोलला न्हाई. सगळ्यांची नावं बारक्या अक्षरात खाली छापल्याली, मग कोण बोलतंय?

सुतकात बाई चौकात जात न्हाई. मनुबाई इळा घेऊन गेली. शेजारचा पोरगा गुंडा म्हसरं घेऊन निघालता, त्येनं तिला बघितलं आन् म्हसरं तशीच सोडून पळत आला.

"काकू, आवं, काय करताय?"

"खालनं ताणून धर."

त्येनं धरलं. मनुबाईनं फोटूच्या खालनं सरळ रेघंत फ्लेक्स कापला. नावं गेली, चित्र गेलं. वर तात्या तेवढं राहिलं.

"आन् ह्ये काय करू?" गुंडानं पट्टी वर धरून इचारलं.

"शेणींच्या ढिगावर झाकाय घाल. आन् त्या चित्राचं त्वांड खाली कर."