विमानतळावरचा अधिकारी

आमच्या गल्लीत दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवणारे सर वर्गात पुस्तक क्वचितच उघडत. एक मूल विमानतळावरचा अधिकारी व्हायचं, दुसरं प्रवासी. वडील कुठे असतात, कधी येणार, सामान काय आणणार, असे प्रश्न इंग्रजीतून चालत. मुलं हसत, सर कधीच हसत नसत. गल्लीतले बरेच पुरुष आखातात होते, म्हणून हा खेळ मला खटकायचा.

एकदा शेजारची खाला नातीला घेऊन वर्गात आली. "काय हो सर, माझा लेक कधी येतो ते तुम्हाला कशाला? उद्यापासून पोर यायची नाही."

"खाला, उत्तरं खोटीच द्यायची असतात," असं संथपणे म्हणत सर स्वतः प्रवाशाच्या खुर्चीत बसले. "तुम्हीच विचारा मला."

खालाने गाव, घर, बायको, सगळं खोदून विचारलं. नात प्रश्न इंग्रजीत करी आणि उत्तरं खालाला सांगे. गाव दापोली, लग्न झालेलं नाही. सर कुठेच अडखळले नाहीत. उत्तरं खोटी असतात हे आधी ऐकूनही खालाने सगळं खरं धरलं आणि नातीला वर्गात ठेवून ती निघून गेली.

मला सरांनी आपलं गाव संगमेश्वर सांगितलं होतं, घरमालकाला मुरुड. तेव्हा खेळ चालू नव्हता.