बिनखड्याचं वर्तुळ

ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं, अशी स्वतःची समजूत घालत आलो.

आम्ही दोघं मुरगूडचे. महाराजांनी कोल्हापुरात समाजासमाजाची बोर्डिंगं काढून दिली, म्हणून शिकलो. मी मराठ्यांच्या बोर्डिंगात, तो मुसलमानांच्या. कॉलेजात मात्र एकाच बाकावर. तर्कशास्त्राचे मास्तर फळ्यावर मोठं वर्तुळ काढायचे. "हे सगळं. ह्यातलं काही वेगळं काढा, आणि जे उरलं तेही विसरू नका." बाकीची पोरं जांभया द्यायची. आम्हाला त्यातून खेळ सापडला.

संध्याकाळी पंचगंगेच्या वाळूत दोघं दोन वर्तुळं काढायचो. आत मन मानेल तेवढे खडे रोवायचे. त्यानं रेघ मारून आपल्या वर्तुळाचे दोन वाटे केले की मीही तसेच दोन करायचे. मग त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. वाळू कितीही चिरावी, खडा चिरत नाही. समोरच्यानं वाटा चिरला आणि आपल्या वाट्यात नुसता खडाच उरला, की हरलो. वर्तुळ लहान की मोठं, रेघ सरळ की वाकडी, ह्याला किंमत नव्हती. ते कसं चिरतं एवढंच बघायचं.

एके दिवशी त्यानं सगळे खडे नदीत फेकून दिले. "गड्या, खडाच नसला तर हरणार कोण?"

करून पाहिलं. तो चिरायचा, मी चिरायचो. कधी मी आधी, मग तो. शेवटी नखानं रेघा मारायची पाळी आली, तरी प्रत्येक रेघेला उत्तर होतंच.

"म्हंजे ही दोन न्हाईतच," तो म्हणाला. "एकच हाय. तू तिकडं बसलायस, मी हिकडं, एवढंच."

ते ऐकून मला किती बरं वाटलं, हे तेव्हा बोललो नाही.

त्यानं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली. "तुझा डाव."

माझ्याही फडक्यात भाकरी होती. हात तिच्याकडं गेलाही. तेवढ्यात माझा थोरला चुलता दिसला. गुळाची गाडी सोडून बैलांना पाण्यावर घेऊन आला होता, आणि आमच्याकडंच बघत होता. मुसलमानाच्या हातचं खाल्लं ही बातमी माझ्याआधी गावात पोचली असती.

"ह्यात खडा हाय," मी माझ्या भाकरीवर हात ठेवून म्हणालो.

तो हसला. मग मी कुठं बघतोय ते त्यानं वळून पाहिलं, आणि हसायचा थांबला. दोन्ही अर्धुकं त्यानं काठाला काठ लावून जुळवली, जशी काही मोडलीच नव्हती, आणि फडकं बांधलं.

"व्हय व्हय, आसंल," म्हणाला.

चिडला असता तर मी भांडलो तरी असतो. बाक तोच राहिला, बोलणंही राहिलं. खेळ मात्र पुन्हा कुणीच काढला नाही.

महाराज गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ह्या माघात मी जयसिंगपूरला गेलो. तो तिथं शाळेत शिकवतो. घरी मी बाजाराचं निमित्त सांगितलं होतं. रेल्वेतून उतरल्यावरही परतीच्या गाडीची चौकशी केली, इतका कच खात होतो.

त्याच्या बायकोनं दोघांना शेजारी शेजारी वाढलं. "पावणं, कालवण तिखट हाय हं," म्हणून ती आत गेली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते बाजूला ठेवलं. मी माझी भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्यापुढं धरली.

"तुझा डाव," मी म्हणालो.

तो घास चावत बघत राहिला. "एका डावाला एवढा विचार? लेका, मास्तरांनी नापास केला असता तुला."

"त्यात खडा नव्हता."

"म्हाईत हाय. तवाबी म्हाईत होतं."

माझ्या हातातली अर्धी त्यानं घेतली, आपली मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली. मला डोळ्यांपुढचं नीट दिसेना. मी नुसताच बसून राहिलो, तसं त्यानं कोपरानं ढोसलं.

"बघतोस काय? चीर की फुडं."